रक्षकच अनावर झाले तर



मी वैद्य नव्हे. मोर्चे काढण्यात आयुष्य गेलेला माणूस. 2020 साली अंधेरीच्या मरोळमधील सेव्हनहिल्स रुग्णालय कोरोनाग्रस्तांनी भरले. तेव्हा एका प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले : विषाणू ओसरू लागल्यावर, दुसऱ्या आठवड्यात माणूस का दगावतो?

फुप्फुसाच्या वायुकोशांत भक्षक पेशी पहारा देतात. विषाणू दिसताच त्या रासायनिक हाका घालतात. रक्तातून पांढऱ्या पेशी धावून येतात. टी-पेशी बाधित पेशींना हुडकून मारतात, बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. बहुतेकांचा आजार येथेच मिटतो. काहींत मात्र हाका थांबतच नाहीत. मोर्चातले स्वयंसेवकच बेभान व्हावेत, तसे होते. केशवाहिन्या पाझरतात, वायुकोशांत पाणी भरते, रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो.

यावर डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध उपयोगी पडले. जून 2020 मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसले, की रोज 6 मिलिग्रॅम दिल्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र लाभ झाला नाही. कारण उघड आहे : तेव्हा रक्षकांची गरज असते, आणि हे औषध त्यांचेच हात बांधते. 2021 साली महाराष्ट्रात काळ्या बुरशीने थैमान घातले, त्यामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टिरॉइडचा अतिरेकही होता.

म्हणून ताप येताच दुकानातून हे औषध आणू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावा. आकडा 94 खाली गेला, तर रुग्णालय गाठा. संप पुकारणे असो की मागे घेणे, वेळ साधावी लागते; औषधाचेही तसेच आहे.