खर्ड्याची तहान आणि घरचा सोडा

इ. स. १७९५ च्या मार्च महिन्यात, ११ तारखेस, मोहरीचा घाट उतरून खर्ड्याच्या रोखाने निघालेल्या निजामअलीच्या फौजेची व मराठ्यांची गाठ पडली, आणि रात्रीच्या गोंधळात माघार घेऊन निजामाने निंबाळकरांच्या तेथील आटोपशीर किल्ल्याचा आश्रय केला, ही हकीगत शाळकरी पुस्तकांतूनही येते. परंतु पुढच्या तहाच्या कामी तोफांइतकाच तहानेचाही हात होता, ही गोष्ट मात्र ओझरतीच सांगितली जाते. बाहेर मराठ्यांचा वेढा, आत माणसाजनावरांची दाटी, वर फाल्गुनाचे ऊन आणि प्यावयास पाण्याची मारामार, अशा स्थितीत लवकरच बोलणे तहावर आले व दिवाण मुशीर-उल्-मुल्क यास मराठ्यांच्या हवाली करणे निजामास भाग पडले. योगायोग असा की, याच सुमारास, म्हणजे १७९२ पासून, याकोब श्वेप नावाचा जिनीव्हात स्थायिक झालेला जर्मन कारागीर लंडनमध्ये वायुमिश्रित पाणी बाटल्यांत कोंडून विकण्याच्या खटपटीत होता. खर्ड्याच्या तटाआड साध्या पाण्याची भ्रांत पडलेली असताना तिकडे पाण्यात बुडबुडे भरण्याचा कारखाना उभा राहत होता.

आमच्या मुलखाला या बुडबुड्यांची ओळख उशिरा झाली. सरबताची मात्र नव्हे. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत आबदारखाना आणि शरबतखाना अशी दोन वेगळी खाती येतात, यावरून पिण्याचे पाणी व त्यात घालावयाचा गोडवा या दोन्हींचा बंदोबस्त राज्यव्यवहाराचाच भाग समजला जात असे, हे उघड आहे. पाणी गार करण्याची युक्तीही जुनीच. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या द्रावणात भांडे फिरवून पाणी थंड करीत, असे ‘आईन-इ-अकबरी’त नमूद आहे, सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, हे त्यामागील कारण. दारूखान्यात ज्या जिनसेने बंदुकीची दारू पेटावयाची, त्याच जिनसेने आबदारखान्यात सुरई निवावयाची, ही सृष्टीची गंमत आम्हास फार आवडते.

राहिला वायू. तो पाण्यात भरण्याची युक्ती लीड्स गावी, एका दारूभट्टीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाने १७६७ मध्ये शोधून काढली. आंबणाऱ्या पिंपावर जो जड वायू साचून राहतो, त्यात धरून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत राहिले असता त्याला खनिज झऱ्याच्या पाण्याची चुणचुणीत चव येते, असे त्यास आढळले. १७७२ मध्ये त्याने ही कृती छापून प्रसिद्ध केली, आणि दर्यावर्दी लोकांच्या स्कर्व्हीवर हे पाणी उपयोगी पडेल अशी आशा बाळगली. ती फोल ठरली, कारण त्या व्याधीवर उतारा लिंबात होता, वायूत नव्हता. आणि पुढे लिंबू व वायू एकाच पेल्यात आले ते औषध म्हणून नव्हे, तर चैन म्हणून. १८३२ च्या सुमारास न्यूयॉर्कात जॉन मॅथ्यूज याने संगमरवराच्या चुऱ्यावर गंधकाम्ल सोडून कर्बवायू मिळविण्याची यंत्रे तयार केली, ती औषधी दुकानांच्या फळीवर जाऊन बसली, आणि तोटी फिरवून पाकावर फसफसते पाणी सोडणारे ते यंत्र, म्हणजेच ‘सोडा फाउंटन’, अमेरिकी नगरजीवनाचा अविभाज्य भाग झाले. १८८६ मध्ये अटलांटातील कोका-कोलाही प्रथम अशाच औषधी दुकानाच्या फळीवर पेल्याने विकला गेला.

मुंबईत हा व्यवसाय मुख्यत्वे पारशी मंडळींनी वाढविला. पालनजींचा कारखाना १८६५ चा. पुण्याच्या लष्कर भागातील अर्देशीर यांचा १८८४ चा. दिनशाजी पांडोळे यांचा ‘ड्यूक्स’ १८८९ चा. लाल रासबेरी, जिंजर, आइस्क्रीम सोडा ही नावे पारशी लग्नाच्या पंगतीतून व इराण्याच्या हॉटेलांतून मराठी जिभेवर रुळली. त्याआधीच, १८३४ च्या सुमारास, अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ मुंबईत उतरू लागला होता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मेजवानीत आइस्क्रीम खाऊन पाहुण्यांना पडसे झाले, असा किस्साही सांगतात. मोठ्या कंपन्यांनी लहान कारखान्यांच्या पोटावर कसा पाय दिला आणि ‘ड्यूक्स’सुद्धा १९९४ मध्ये पेप्सीच्या पोटात कसा गेला, ही कथा सर्वश्रुत असल्यामुळे तिचा विस्तार करीत नाही.

तालुक्याच्या गावी मात्र जो सोडा पोहोचला तो गोटीचा. लंडनच्या हायरम कॉड याने १८७२ मध्ये पक्क्या स्वरूपात आणलेली ही बाटली यंत्रविद्येतला एक लहानसा चमत्कार आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना आमची लेखणी आवरत नाही. गळ्याशी रबरी कडे. त्याखाली मान चिमटल्यासारखी आवळलेली. आणि मधल्या कप्प्यात काचेची एक गोटी. भरताना बाटली उलटी धरतात. वायूचा दाब चढला की तो दाबच गोटीला कड्यावर गच्च बसवितो, म्हणजे कोंडलेला कैदीच दाराला कडी घालतो. बूच नको, तार नको, पत्र्याचे झाकण नको. लाकडी ठोकळ्याने किंवा अंगठ्याने गोटी आत ढकलली की तो ओळखीचा फट्‌ आवाज होतो, म्हणून तर आपल्याकडे सोडा उघडीत नाहीत, फोडतात. पाणी ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी घरंगळू नये म्हणून मानेला दोन खळगे पाडलेले असतात, ते खालच्या बाजूस राहतील अशी बाटली धरावी लागते; नवख्याला हे ठाऊक नसते आणि त्याचा सोडा अडतो. साहेबाच्या देशात पत्र्याच्या बुचाने ही बाटली नामशेष केली, जपानात ती ‘रामुने’च्या रूपाने टिकली, आणि आपल्या जत्रांतून, आठवडे बाजारांतून व यष्टी स्थानकाबाहेरच्या गाड्यांवरून ती अद्याप नांदते आहे. दंगलींच्या वृत्तांतांत सोडावॉटरच्या बाटल्यांचा जो उल्लेख हटकून येई, तो या बाटलीच्या दुर्लौकिकाचा भाग. त्याचे कारण तिच्या जाड काचेत आणि आतल्या दाबात आहे.

आता घरी हे पेय करावयाचे तर पहिली अडचण वायूचीच. स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा व लिंबूसत्त्व एकत्र केले की कर्बवायू सुटतो हे खरे. रसायनशास्त्राच्या हिशोबाने ८४ भाग सोड्यास ६४ भाग लिंबूसत्त्व लागते आणि ४४ भाग वायू निघतो. परंतु उघड्या पेल्यातला बहुतेक वायू हवेत जातो आणि मागे उरणारा क्षार तेवढा जिभेवर बसतो. पोट जड झाले असता हा उतारा ठीक. पेय म्हणून आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

दुसरा मार्ग आंबवण्याचा, म्हणजे प्रीस्टलीच्या शेजारच्या पिंपाचा. लिटरभर पाण्यास शंभर ग्रॅम साखर, पन्नासएक ग्रॅम किसलेले आले, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर यीस्ट घालून, वर चार बोटे जागा सोडून, ते प्लास्टिकच्या बाटलीत बंद करावे. काचेची बाटली येथे सर्वथा वर्ज्य, कारण दाब किती चढला हे काच सांगत नाही. ती एकदम फुटते. प्लास्टिकची बाटली हाताला दगडासारखी टणक लागली की लगेच शीतकपाटात ठेवावी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती अशी टणक होण्यास एखादा दिवसही पुरतो. यात किंचित मद्यांश उतरतो, हे सोवळ्याच्या माणसांस आधी सांगून ठेवलेले बरे.

तिसरा व आमच्या मते खरा मार्ग वायूच्या नळकांडीवर चालणाऱ्या सायफनचा. लिटरभर पाण्यास आठ ग्रॅम वायूची एक नळकांडी पुरते. मात्र मलई फुलविण्याच्या नळकांड्या दिसावयास तशाच असून त्यांत निराळा वायू असतो, तेव्हा खरेदी करताना वरचा मजकूर वाचावा. पाणी मात्र बर्फासारखे गार हवे. विल्यम हेन्री याने १८०३ मध्ये दाखवून दिले की, द्रवात वायू किती विरघळावयाचा हे वरच्या दाबावर ठरते. आणि थंडीचा प्रभाव तर असा की साध्या हवेच्या दाबाखाली गोठणबिंदूजवळच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कर्बवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वा ग्रॅम. कोमट पाण्यावर नळकांडी खर्चणे म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणे होय.

तथापि वायू हा अखेर वाहक. पेयाची जात ठरते ती पाकावरून, आणि येथे नगर जिल्ह्याच्या माणसास परक्याकडे पाहण्याचे कारण नाही. श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांत कागदी लिंबाच्या बागा आहेत, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लिंबाचे ‘साई शरबती’ हे वाणच दिले आहे. डझनभर लिंबांची वरची हिरवी साल तेवढी पातळ काढावी, पांढरा भाग कडू म्हणून टाळावा. ही साल पावशेर साखरेत चुरून रात्रभर झाकून ठेवली असता साखर सालीतले सुगंधी तेल ओढून घेते आणि ओलसर होते. सकाळी तीत आणखी पाऊण किलो साखर व अर्धा लिटर पाणी घालून, साखर विरघळेपर्यंतच तापवावे, गाळावे, आणि पाक पूर्ण निवाल्यावर मगच साडेतीनशे मिलिलिटर ताजा रस मिसळावा. गरम पाकात घातलेला रस आपला सुवास गमावून बसतो. बाजारी लेमनमध्ये आंबटपणा असतो पण लिंबू नसते, त्याचे कारण या सालीच्या अभावात आहे. हाच न्याय आल्याला, वाळ्याला, कैरीच्या पन्ह्याला. कोकमाचे आगळ मात्र मुळातच खारट असल्याने त्यात मीठ घालण्याची घाई करू नये.

पेला भरण्याचा क्रमही ठरलेला आहे. एक भाग पाकावर पाच भाग सोडा, या प्रमाणात पाक तळाशी घालून सोडा पेल्याच्या कडेने हळू सोडावा, आणि लांब दांड्याच्या चमच्याने खालून वर एकच फेरा द्यावा. अधिक ढवळले की वायू उडालाच. आइस्क्रीम सोडा करावयाचा असल्यास गोळा शेवटी अलगद सोडावा, कारण त्याच्या खरबरीत पृष्ठावर बुडबुडे धरतात आणि दुधातली द्रव्ये त्यांस फुटू देत नाहीत, त्यामुळे फेस पेल्याबाहेर येऊ पाहतो. पुण्याची मस्तानी याच कुळातली खरी, परंतु ती वायूच्या वाटेस गेली नाही. दुधावरच तृप्त राहिली.

मसाला सोड्याची गोष्ट निराळी. गाडीवाला भरल्या पेल्यात वरून काळे मीठ टाकतो आणि सोडा उसळून ओघळतो, ही गिऱ्हाइकाला दाखवावयाची करामत आहे. मिठाच्या प्रत्येक कणाच्या टोकावर वायू सुटतो, आणि जिभेला लागावयाची चुणचुण फरशीवर सांडते. घरी ज्याला ती चुणचुण हवी असेल त्याने काळे मीठ आधी लिंबाच्या पाकात पूर्ण विरघळवून, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड व चिमूटभर मिरी मिसळून, तो पाक फडक्यातून गाळून, मग त्यावर सोडा सोडावा.