पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

इंदूरच्या राजवाड्यासमोरील चौक सकाळपासून गजबजलेला असतो. रात्री सराफ्यातील सोन्याचांदीची दुकाने मिटली, की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांचा बाजार भरतो आणि मध्यरात्रीपर्यंत माणसांची वर्दळ चालू राहते. या साऱ्या वर्दळीकडे खांबांवरचे टेहळणी कॅमेरे अहोरात्र पाहात असतात. पूर्वीचा गस्तवाला हाळी घालीत जाई. तो आला हे आळीला कळे आणि तो कोण हेही कळे. खांबावरचा हा नवा गस्तवाला मुका आहे. तो काय पाहतो, कोणासाठी पाहतो आणि पाहिलेले किती दिवस ध्यानात ठेवतो, हे रस्त्याने जाणाऱ्यास ठाऊक नसते.

या पहारेकऱ्याचा उपयोग नाही, असे कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाही. गर्दीत चुकलेले मूल, मंगळसूत्र हिसकावून पळालेला दुचाकीस्वार, धडक देऊन निसटलेली मोटार यांचा माग या डोळ्यांमुळे लागतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, त्या खटल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील चित्रण पुराव्यात दाखल झाले. पुढे मुंबईत सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे विणले गेले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्णपणे कार्यान्वित झाले.

इंदूरही मागे राहिले नाही. जानेवारी २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी' योजनेच्या पहिल्या वीस शहरांत त्याची निवड झाली. डिसेंबर २०२१ मध्ये येथे पोलिस आयुक्तांची पद्धती सुरू झाली. २०२४ मध्ये सामुदायिक देखरेखीचे उपविधी आले आणि जेथे बरीच माणसे जमतात अशा खाजगी आस्थापनांनीही कॅमेरे बसवावेत, असे ठरले. या धर्तीचा कायदा आंध्र प्रदेशाने २०१३ मध्येच केला होता. ज्या ठिकाणी एका वेळी शंभर किंवा दिवसाकाठी पाचशे माणसे येतात, तेथे कॅमेरे लावावेत आणि त्यांचे चित्रण तीस दिवस जपून ठेवावे, असे तो कायदा सांगतो. अशा कायद्यांचा सारा भर कॅमेरा लावण्यावर असतो. लावलेल्या कॅमेऱ्याचा वापर कोणी, किती आणि कसा करावा, याविषयी ते फार थोडे बोलतात. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

कॅमेरा म्हणजे केवळ खांबावरची काच नव्हे. दृश्य टिपणारा डोळा, ते वाहून नेणारी तार, ते साठविणारे यंत्र आणि पडद्यासमोर बसलेला मनुष्य, असे त्याचे चार भाग असतात. साठवणीस मर्यादा असल्यामुळे ठराविक दिवसांनंतर जुन्या चित्रणावर नवे चढते आणि जुने पुसले जाते. आता तर वाहनाची नंबरपाटी वाचणारी आणि माणसाचा चेहरा ताडून पाहणारी यंत्रेही आली आहेत. यंत्र सुरक्षित असावे म्हणून केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या तपासणीचे कडक नियम लागू केले. बाहेरच्या कोणास त्यात चोरून शिरता येऊ नये, हा त्यांचा हेतू. ही यंत्राची परीक्षा झाली. पडद्यासमोर बसणाऱ्या मनुष्याची परीक्षा कोणी घ्यावयाची?

हा प्रश्न कॅमेऱ्यांहून जुना आहे. उत्तर प्रदेशातील खरकसिंग यांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६२ मध्ये दिला. संशयिताच्या घरी पोलिसांनी रात्री-अपरात्री जाऊन पाहणी करणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. मात्र खाजगीपणाचा हक्क घटनेने दिलेला आहे, हे मानण्यास बहुमत तयार झाले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हा भिन्न मत नोंदविले होते. त्यानंतर १९७५ मध्ये खुद्द मध्य प्रदेशचेच प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. राज्याच्या पोलिस नियमावलीतील ८५५ व ८५६ या नियमांन्वये आपल्यावर पाळत ठेवली जाते, अशी गोविंद नावाच्या इसमाची तक्रार होती. या नियमांना कायद्याचा आधार असल्यामुळे न्यायालयाने ते रद्द केले नाहीत. परंतु ते घटनेच्या मर्यादेच्या अगदी काठावर आहेत, असा इशारा दिला. ज्याच्या पूर्ववृत्तावरून तो गुन्हेगारीचेच जीवन जगणार असे स्पष्ट दिसते, त्याच्यापुरतीच अशी पाळत ठेवावी, असा त्या निर्णयाचा आशय होता.

त्या काळी पाळत एकट्यादुकट्यावर असे आणि तरीही न्यायालयाने तिला कुंपण घातले. आज खांबावरचा डोळा सराईत चोराकडे पाहतो, तसाच देवळाकडे निघालेल्या वृद्धेकडे, मोर्चातील कामगाराकडे आणि भंवरकुव्याच्या शिकवणी वर्गातून परतणाऱ्या विद्यार्थिनीकडेही पाहतो. पाळतीचे क्षेत्र असे विस्तारले, म्हणजे कुंपणाची गरज कमी न होता वाढते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्वाळा दिला. त्या हक्कास शासनाने बाध आणावयाचा असेल, तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा आणि गैरवापर रोखण्याची तजवीज हवी, असे त्या निकालातील विवेचनातून निष्पन्न होते.

अशी तजवीज करता येते, याची दोन उदाहरणे आपल्या देशातच आहेत. पहिले वाहनांचे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांतील महत्त्वाच्या चौकांना तो लागू आहे, अर्थात इंदूरलाही. या नियमाप्रमाणे यंत्रास अधिकृत प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. पुढे कॅमेरा आहे, अशी सूचना देणारी पाटी रस्त्यावर लावावी लागते. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठविण्याचे बंधनही त्या नियमाने घातले. अर्थात कॅमेऱ्याने पाहिले, एवढ्यावर काम भागत नाही. त्याने नियमाप्रमाणे पाहिले काय, हेही दाखवावे लागते.

दुसरे उदाहरण पोलिस ठाण्यांचे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठड्या, बोळ आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या यांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जतन करावयाचे. या आदेशाचे मर्म देखरेखीच्या व्यवस्थेत आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असावी. तीत जिल्हाधिकारी व पोलिस अधीक्षक यांच्याबरोबर नगराचे महापौरही असावेत. समितीने चित्रण तपासावे आणि राज्य समितीस दरमहा अहवाल पाठवावा, असे ठरले. महापौर लोकांनी निवडलेला असतो. पोलिसांच्या कॅमेऱ्यावर लोकांच्या प्रतिनिधीचाही डोळा असावा, हे तत्त्व येथे मान्य झाले.

मात्र कागदावरची व्यवस्था आपोआप चालत नाही. पोलिस कोठडीतील मृत्यूंचे वर्तमानपत्रातील वृत्त पाहून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास ठाण्यांतील कॅमेऱ्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नेमक्या नको त्या वेळी बंद पडणारा कॅमेरा मुळीच नसलेल्या कॅमेऱ्याहून अधिक फसवा असतो.

वाहनासाठी नियम झाला, कोठडीसाठी आदेश झाला. भर रस्त्याने पायी चालणाऱ्या माणसासाठी इतकी तपशीलवार व्यवस्था अद्याप झालेली नाही. २०२३ चा वैयक्तिक विदासंरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्याच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाच्या ठरल्या. पण गुन्ह्यांच्या तपासासाठी त्यात मोठी सूट आहे, आणि केंद्र सरकार एखाद्या शासकीय संस्थेस संपूर्णपणे त्यातून वगळूही शकते. खाजगी कॅमेऱ्यांवर या कायद्याचा वचक राहील. सरकारी कॅमेऱ्यांसाठी वेगळा विचार आवश्यक ठरेल. इंग्लंडने २०१३ मध्ये सार्वजनिक कॅमेऱ्यांसाठी बारा तत्त्वांची आचारसंहिता केली. प्रत्येक कॅमेऱ्याचा हेतू ठरलेला असावा, चौकशी वा तक्रार कोठे करावी हे लोकांस माहीत असावे, चित्रण गरजेपेक्षा अधिक काळ ठेवू नये, आणि कॅमेऱ्याची गरज उरली आहे काय हे वेळोवेळी तपासावे, ही त्यांतील काही तत्त्वे.

यांपैकी कोणतीही गोष्ट इंदूरला अशक्य नाही. कॅमेऱ्याखाली खात्याचे नाव व संपर्काचा पत्ता असलेली पाटी लावता येईल. चित्रण कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची नोंदवही ठेवता येईल. ठाण्यांसाठी आहे तशी समिती रस्त्यांसाठी नेमता येईल आणि तिचा वार्षिक अहवाल महापालिकेच्या सभागृहापुढे ठेवता येईल. यामुळे प्रामाणिक पोलिसाचे काम अडणार नाही. उलट खोट्या आरोपापासून त्याचेही रक्षण होईल.

नागरिकानेही आपले हक्क ओळखावयास हवेत. अपघात वा चोरी झाल्यास चित्रण जपून ठेवण्याविषयी पोलिसांकडे त्वरित लेखी अर्ज द्यावा, कारण दिवस उलटले की ते पुसले जाते. न्यायालयात असे चित्रण मांडावयाचे, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. आणि स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या जागी कोणी छुपा कॅमेरा लावून चित्रण केले, तर तो भारतीय न्यायसंहितेच्या कलम ७७ खाली दंडनीय गुन्हा आहे. तेथे संकोच न करता तक्रार करावी.

नगराची सुरक्षितता मोठी गोष्ट आहे, आणि निर्भयपणे मोकळ्या रस्त्याने चालता येणे हाही तिचाच भाग आहे. ज्या विद्यार्थिनीच्या रक्षणासाठी खांबावर कॅमेरा चढविला, तिला त्या कॅमेऱ्यामागच्या माणसाची भीती वाटू लागली, तर तो कॅमेरा आपल्या कामास चुकला असे म्हणावे लागेल. पहारेकरी नेमणाऱ्या नगराने त्याचा हिशेब मागण्याची सवयही लावून घेतली पाहिजे.