श्रेष्ठ कोण : मैफल की ध्वनिफीत?

अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या बँडची सर्वोत्तम मैफल कोणती, हा त्याच्या चाहत्यांमधील जुना वाद आहे. अनेकांचा कौल ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या मैफलीला असतो. काहींना २७ ऑगस्ट १९७२ ची ओरेगॉनमधील व्हेनेटा येथील मैफल सरस वाटते. या वादाचे मूळ सादरीकरणाच्या पद्धतीत आहे. एकच गाणे हे कलावंत प्रत्येक वेळी निराळ्या विस्ताराने वाजवीत. श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा होती. १९८४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाही राखली जाई. फिती विकायच्या नाहीत, आपसांत वाटायच्या, असा संकेत होता. कॉर्नेलची मैफल मात्र ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी अत्यंत सुस्पष्टपणे मुद्रित केली होती. त्यामुळे तिचे श्रेष्ठत्व वादनाचे किती आणि मुद्रणाचे किती, हे तुलना करणाऱ्याने आधी ताडून पाहावे.