पाडणाऱ्याची पात्रता कोण तपासणार?

इमारत पाडावी की नाही, हा आपल्याकडे न्यायालयीन आणि राजकीय वादाचा विषय आहे. ती कोणी पाडावी, हा मात्र बहुधा भंगाराच्या भावाचा. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘बुलडोझर न्याया’ला लगाम घातला. त्या प्रकरणात राजस्थानातील उदयपूरचीही तक्रार होती. १५ दिवसांची नोटीस, कारवाईचे चित्रीकरण, दोषी अधिकाऱ्यांकडून भरपाई या अटींनी सरकारच्या अधिकाराला चौकट दिली. खासगी मालक स्वतःचे जुने घर उतरवतो, तेव्हा पाडणाऱ्याच्या कौशल्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही.

जयपूरमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. १७२७ मध्ये वसलेले तटबंदीच्या आतील शहर २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे घराला घर खेटून उभे आहे; कित्येक ठिकाणी एकच भिंत दोन घरांना आधार देते. बांधकाम चुन्यातले, छते दगडी पट्ट्यांची. पट्टी भिंतीवर टेकलेली असते. आधाराची भिंत आधी काढली, तर शेजाऱ्याचे छतही धोक्यात येते. म्हणून येथे चुना, पट्टी आणि गल्लीची रुंदी ओळखणारा स्थानिक ठेकेदार हवा. पण केवळ स्थानिक असणे म्हणजे पात्र असणे नव्हे.

या व्यवसायाचे अर्थकारण उलटे आहे. दारे, लाकूड, लोखंड, दगड यांच्या मोबदल्यात अनेकदा ठेकेदारच मालकाला पैसे देतो आणि जास्त देणाऱ्याला काम मिळते. ही जास्तीची रक्कम मग टेकू, जाळ्या, विमा, मजुरांची सुरक्षा आणि राडारोड्याची वाहतूक यांतून वाचवण्याचा मोह होतो. मालकाच्या पदरात पडलेल्या लाभाची किंमत मजूर आणि शेजारी मोजतात.

नियमांची उणीव नाही. भारतीय मानक ४१३० मध्ये आधी इमारतीची व शेजारच्या बांधकामांची पाहणी, वीज-पाण्याच्या जोडण्या तोडणे आणि वरून खाली टप्प्याटप्प्याने काम करणे अपेक्षित आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पाडकामालाही बांधकामाच्या व्याख्येत घेतले. २०१६ च्या नियमांनी राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. परंतु वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या कायद्याने होते, तसा पाडकाम ठेकेदारांसाठी देशव्यापी कायदा नाही.

काम नीट कसे होते, हे नोएडात २८ ऑगस्ट २०२२ रोजी दिसले. मुंबईच्या एडिफिस कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या साह्याने सुमारे १०० मीटर उंचीचे जुळे मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त केले. त्याआधी महिनोन्‌महिने तयारी चालली होती आणि आसपासच्या सुमारे ५,००० रहिवाशांना हलवण्यात आले होते. देशाचे लक्ष लागलेल्या मनोऱ्यांना जी काळजी मिळाली, तिचा अंशही गल्लीतल्या दुमजली घराच्या वाट्याला येऊ नये, हे न पटणारे आहे.

उपाय अवघड नाही. महापालिकेने इमारतीच्या प्रकारानुसार ठेकेदारांची नोंदणी करावी. संरचना अभियंत्याने सही केलेला कामाचा क्रम, शेजाऱ्यांच्या घरांची छायाचित्रांसह पूर्वनोंद, मजुरांचा व त्रयस्थांचा विमा आणि राडारोडा कोठे जाणार याचा करार, या चार कागदांशिवाय परवानगी देऊ नये. मालकानेही भंगाराची बोली ऐकण्यापूर्वी हेच चार कागद मागावेत. घर त्याचे असले, तरी त्याला टेकलेली भिंत दुसऱ्याचीही आहे.