डिग्री मिळेल, पण नोंद होईल का?

निंबर्ग्याच्या आसपास रात्री दवाखान्याचं दार वाजलं, की ते उघडते ती सिस्टर. कर्नाटकातल्या आळंद तालुक्याचा हा भाग तुरीचा. शेतात साप चावलेला माणूस येतो, फवारणीचं औषध पोटात गेलेला येतो, बाळंतिणी तर बारमाही. डॉक्टर पोचेपर्यंत नाडी बघणं, सलाईन लावणं, इथंच ठेवायचं की कलबुर्गीला धाडायचं हे ठरवणं, १०८ला फोन करणं, सगळं तिच्याच अंगावर. सोबतचे लोक निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलतात. ती दोन्हींत दटावते.

अमेरिकेत अशा कामाला स्वतंत्र हुद्दा आहे. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आता तिथं त्यातलं बरंचसं पुस्तकी शिक्षण ऑनलाइन होतं. त्याचीच कुठली तरी जाहिरात माझ्या मावसबहिणीच्या मोबाईलवर आली. तिनं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, केली सोलापूरला, नोकरी इकडं. कर्नाटकाच्या कागदांवर ती ‘शुश्रूषाधिकारी’. “दादा, नोकरी न सोडता होतंय म्हणे. जरा बघ की,” म्हणाली. मग इव्हिनिंग ड्युटी संपवून आली की आम्ही बघत बसायचो.

अमेरिकेचं लवकर मिटलं. प्रवेशालाच तिथला परवाना लागतो. शिवाय अभ्यास पडद्यावर झाला तरी रुग्ण प्रत्यक्षच तपासावे लागतात: आधी किमान ५०० तास, २०२२च्या नव्या निकषांत ७५०. आणि देखरेख करणारा अनुभवी माणूस पुष्कळदा विद्यार्थिनीनंच शोधायचा. म्हणजे ‘ऑनलाइन’ ही अर्धीच गोष्ट.

देशातल्या जाहिरातींची गंमत वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं जे विषय शिकवता येत नाहीत, त्यांत नर्सिंग आहे. तरी फोन येतातच. एका मुलानं तिला सांगितलं, “मॅडम, हजेरीचं टेन्शन घेऊ नका, प्रॅक्टिकलचं आम्ही बघून घेतो.” तिनं विचारलं, “आयएनसीची मान्यता?” तो म्हणाला, “विद्यापीठाची आहे ना.” तिनं फोन ठेवला. मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलमधली नोंदणी बेंगळुरूच्या कौन्सिलात आणताना तिनं खेपा घातल्या होत्या. विद्यापीठाचा शिक्का वेगळा आणि कौन्सिलच्या रजिस्टरातली ओळ वेगळी, हे तिला कुणी समजवायला नको होतं. मी फीचा तक्ता करत होतो. तिनं त्यात पहिला रकाना घातला, ‘नोंद होणार का?’ बहुतेक नावं तिथंच गळाली.

नर्स प्रॅक्टिशनर भारतात नाहीच असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेनं, म्हणजे आयएनसीनं, अतिदक्षतेसाठी दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम २०१६-१७च्या सुमारास आणला, तो बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांसाठी. २०१८ साली केंद्रानं प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे. दोन्हींत वॉर्डात उभं राहूनच शिकायचं. मला ही अट पटते. अडलेलं बाळंतपण व्हिडिओ बघून येत नाही. पटत नाही ते एवढंच की, ज्या बाईच्या जागी रात्री दुसरं कुणी नसतं, तिनं हे शिकायला जायचं कसं, याचा विचार अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या कागदात दिसत नाही.

तिच्यापुढची पहिली पायरी मग बी.एस्सी.चीच. नियमित पोस्ट बेसिक दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ. खात्यानं प्रतिनियुक्तीवर पाठवलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर इग्नू. नर्सिंग दूरस्थ शिकवण्याची ही अपवादात्मक सोय १९९४ पासूनची: जीएनएम, नोंदणी, दोन वर्षांचा अनुभव, प्रवेशपरीक्षा, आणि किमान तीन वर्षं. पुस्तकं घरी, पण संपर्कवर्ग आणि प्रॅक्टिकल केंद्रावर. तिथून शिकलेल्या एका सीनियर सिस्टरना तिनं फोन लावला. “थिअरी नाइटला वाचून होते गं,” त्या म्हणाल्या, “प्रॅक्टिकलला रजा लागते. फॉर्म भरायच्या आधी डॉक्टरांशी बोल.”

तेव्हापासून विद्यापीठांची नावं मागं पडली आणि ड्युटीचा तक्ता पुढं आला. कुणाशी नाइट बदलून मिळेल, साठवलेली अर्जित रजा किती, पावसाळ्यात साथी असताना सुटी मागणं बरं दिसेल का. एकीनं तिच्या नाइट घ्यायचं कबूल केलं, पण दिवाळीची सोडून.

मधे कुणीतरी सुचवलं, सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी, हो. २०१८ पासूनच्या हेल्थ अँड वेलनेस सेंटरांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, तपासून ठरावीक औषधं देणारी ही जागा. कर्नाटकात एमएलएचपी म्हणतात. कामानं ती नर्स प्रॅक्टिशनरच्या सगळ्यात जवळची. पण नेमणूक कंत्राटी. कायम नोकरी सोडून तिकडं जाणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटला, आणि तसं मी बोललोही. ती म्हणाली, “माहितीय रे.”

तिनं ठरवलंय: आधी प्रतिनियुक्तीचा अर्ज, ते जमलं नाही तर इग्नू. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे, कौन्सिलच्या नोंदीत सासरचं. त्यासाठी आळंदला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचंय. या आठवड्यात तिची नाइट आहे, म्हणजे सकाळी सुटली की थेट तिकडचीच बस.