'मे' म्हणजे मे महिना नव्हे



आधी आमच्याच गटाची एक फजिती सांगते. हसायचं तर हसा, पण पुढचंही वाचा.

आमचा गट रेवदंड्याचा. आम्ही सोडे, सुका जवळा, तांदळाचे पापड आणि कोकम विकतो. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला होता. फेब्रुवारीच्या शेवटी मोबाईलवर इंग्रजीत निरोप आला, 'यू मे गेट अ स्टॉल.' अक्षरं आम्हाला लागतात, पण अर्थाची खात्री नव्हती. म्हणून एका ताईंच्या सातवीतल्या मुलाला हाक मारली. त्याने वाचलं आणि ऐटीत सांगितलं, "तुम्हाला मे महिन्यात स्टॉल मिळणार!"

झालं. गटातून अंतर्गत कर्ज उचललं. पापड दुप्पट केले, सोडे भरून ठेवले, पिशव्यांवर गटाचं नाव छापून घेतलं. एप्रिल संपला तरी पुढचं पत्र नाही. फोन केला तेव्हा कळलं, यादीत आमचं नावच नव्हतं. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मिळेल असं आम्ही कळवलं नव्हतं, मिळू शकेल असं कळवलं होतं." त्या खोटं बोलत नव्हत्या. पावसाच्या तोंडावर माल मिळेल त्या भावाने काढावा लागला आणि कर्जाचे हप्ते मात्र पुरे भरावे लागले.

मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. एका शब्दावर आम्ही पैसे लावले आणि तो शब्द नक्की काय सांगतो हे दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. म्हणून आज त्याच शब्दाची आणि त्याच्या भावंडांची ओळख करून घेऊ.

मराठीत हे आपण रोज करतो

शाळेच्या पुस्तकात या शब्दांना 'मोडल ऑक्झिलरी' म्हणतात, म्हणजे एक प्रकारची साहाय्यक क्रियापदं. नाव जड आहे. अंगणवाडीत ताईंच्या जोडीला मदतनीस असते ना, तसे हे मदतनीस शब्द. मुख्य काम दुसराच शब्द सांगतो. ते काम जमतं, करायलाच हवं, करण्याची मुभा आहे की नुसती शक्यता आहे, हे मदतनीस सांगतो.

पापड लाटण्याचंच घ्या.

मी पापड लाटते.
मला पापड लाटता येतात.
मी पापड लाटीन.
मी पापड लाटायला हवेत.
मला पापड लाटावेच लागतील.
मी पापड लाटू का?

काम एकच, पण प्रत्येक वाक्याचा अर्थ निराळा. मराठीत हा फरक बहुतेक क्रियापदाच्या शेपटीत असतो: लाटीन, लाटावे, लाटायला, लाटू. इंग्रजीत शेपूट बदलत नाही. कामाच्या आधी एक छोटा शब्द येऊन उभा राहतो. 'आय मेक पापड' म्हणजे मी पापड करते. 'आय कॅन मेक पापड' म्हणजे मला पापड करता येतात.

नऊ मदतनीस

कॅन: जमतं, येतं, शक्य आहे. 'शी कॅन स्विम', तिला पोहता येतं.

कुड: हा कॅनचा भूतकाळ, 'जमायचं'. पण विनंतीत याचा उपयोग जास्त. 'कुड यू वेट?' म्हणजे 'जरा थांबाल का?'

मे: याचे अर्थ दोन. एक परवानगीचा. पोरं वर्गाच्या दारात उभी राहून 'मे आय कम इन' म्हणतात, तो हा मे. दुसरा शक्यतेचा. 'इट मे रेन', पाऊस पडू शकतो. पडेलच असं नाही. आमच्या निरोपातला मे हा दुसरा.

माइट: हीसुद्धा शक्यताच, बहुधा मे पेक्षाही थोडी कच्ची. 'शी माइट कम', आली तर येईल.

विल: होईल, करीन. यात शब्द दिलेला असतो. 'वी विल डिलिव्हर ऑन मंडे', सोमवारी माल पोचवू.

वुड: बोलण्यात मऊपणा आणणारा. 'वुड यू लाइक टी?' म्हणजे 'चहा घ्याल का?'

शॅल: बोलताना 'करू का?' विचारायला. 'शॅल आय ब्रिंग वॉटर?' म्हणजे 'पाणी आणू का?' कायद्याच्या आणि कराराच्या कागदात मात्र हाच शब्द बंधन घालतो.

शुड: करायला हवं, केलेलं बरं. हा सल्ला आहे, सक्ती नाही.

मस्ट: केलंच पाहिजे. 'यू मस्ट साइन हिअर', इथे सही केलीच पाहिजे.

कुड, वुड, शुड लिहिताना मध्ये 'एल' हे अक्षर असतं, पण ते उच्चारत नाहीत. स्पेलिंग पाहून घाबरू नका.

नियम फक्त चार

पहिला, मदतनीस आधी आणि काम नंतर. कामाच्या शब्दाला काही चिकटवायचं नाही. 'शी कुक्स' बरोबर, पण कॅन आला की 'शी कॅन कुक'. शेवटचा 'स' गळतो.

दुसरा, या नऊ शब्दांनंतर 'टू' लावायचा नाही. 'आय कॅन टू मेक' चूक, 'आय कॅन मेक' बरोबर.

तिसरा, एका कामाला मदतनीस एकच. 'आय विल कॅन कम' असं होत नाही.

चौथा, प्रश्न विचारायचा तर मदतनीस पुढे आणायचा आणि नकार द्यायचा तर त्याच्यामागे 'नॉट' लावायचा. 'यू कॅन कम', 'कॅन यू कम?', 'यू कॅन नॉट कम.' बोलताना कॅन नॉटचं 'कान्ट' होतं आणि विल नॉटचं 'वोन्ट'.

नकारात एक खड्डा आहे, तो ओळखून ठेवा. 'यू मस्ट नॉट पे' म्हणजे पैसे भरायचेच नाहीत, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू पे' म्हणजे भरायची गरज नाही, भरले तरी चालेल. मराठीत 'भरू नका' आणि 'भरायची गरज नाही' यांत जेवढा फरक, तेवढाच इथे.

अंगणात पाहुणे आले की

आपल्याकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात. किल्ल्याचा तट, सातखणी बुरूज आणि समुद्र पाहतात, कुणी पूल ओलांडून कोर्लई-काशिदकडे जातं. त्यांतले काही मराठी न समजणारे असतात. घरगुती जेवण देणाऱ्या किंवा खोल्या भाड्याने देणाऱ्या ताईंना त्यांच्याशी बोलावंच लागतं. एवढी वाक्यं पाठ केली तरी पुष्कळ काम होतं.

'वुड यू लाइक सोलकढी?' (सोलकढी घेणार का?)
'शॅल आय मेक इट लेस स्पायसी?' (तिखट कमी करू का?)
'वी कॅन मेक मोदक, बट यू मस्ट टेल अस वन डे बिफोर.' (मोदक करून देऊ, पण एक दिवस आधी सांगायलाच हवं.)
'यू शुड सी द फोर्ट इन द मॉर्निंग.' (किल्ला सकाळी पाहिलेला बरा.)
'यू मस्ट नॉट स्विम नाऊ.' (आत्ता पाण्यात उतरायचं नाही.)

शेवटच्या दोन वाक्यांत शुड आणि मस्ट यांची अदलाबदल करून पाहा. किल्ला कधी पाहावा हा सल्ला आहे, तिथे शुड शोभतो. भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नका, हे सांगताना मात्र शुड पुरत नाही. पाहुण्याला वाटेल की ऐकलं तर ऐकलं. जिवाचा प्रश्न असेल तिथे मस्ट नॉट म्हणा आणि आवाजही थोडा चढवा.

पाहुणा 'कुड यू गिव्ह मी अ डिस्काउंट?' असं गोड विचारेल. तो भूतकाळाचं बोलत नाही, भाव कमी करायला सांगतोय! जमत नसेल तर 'सॉरी, आय कान्ट' म्हणून हसून मोकळ्या व्हा.

इंग्रजी आपली भाषा नव्हे म्हणून लाजायचं कारण नाही. आपल्या किनाऱ्याने परक्या भाषा पुष्कळ ऐकल्या आहेत. पोर्तुगीजांची सत्ता इथून १७४० मध्ये गेली, पण खाडीपलीकडे कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. ती तिथल्या माणसांनी व्याकरणाच्या पुस्तकातून उचलली नाही. कानाने ऐकली, कामापुरती बोलली, मग आपली केली.

सही करण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचं. कर्जाचा किंवा कराराचा इंग्रजी कागद समोर आला तर सगळा वाचता येणार नाही कदाचित. पण दोन शब्द शोधता येतात, मे आणि शॅल. आणि ते कुणाच्या नावापुढे आलेत ते पाहायचं. 'बॉरोअर' म्हणजे कर्ज घेणारी, म्हणजे आपण. 'बॉरोअर शॅल पे' असं असेल तर भरणं आपल्यावर बंधनकारक. 'बँक मे चेंज द रेट' असं असेल तर व्याजदर बदलण्याची मुभा बँकेला. 'द लोन मे बी सँक्शन्ड' असं आलं तर कर्ज मंजूर होऊ शकतं, झालेलं नाही. त्यावर शिलाई मशीनची आगाऊ रक्कम देऊन बसू नका.

कोर्ट कधी कधी संदर्भ पाहून कायद्यातल्या 'मे'चा अर्थ 'शॅल'सारखाही लावतं. पण ते कोर्टात. सही करताना आपण मे म्हणजे 'होईलच असं नाही' असंच धरून चालावं.

या दोन शब्दांचं वजन किती, ते आपल्या ग्रामपंचायतीतच दिसतं. संविधानाची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव, असं तिच्यात आहे. त्या वाक्याच्या इंग्रजी मजकुरात शब्द आहे शॅल. म्हणून ही दुरुस्ती लागू असलेल्या कुठल्याही राज्याला 'बघू, जमलं तर ठेवू' म्हणता आलं नाही. महाराष्ट्राने तर २०११ मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेलं. त्याच दुरुस्तीत ग्रामसभेच्या अधिकारांबद्दल मात्र मे आहे. राज्याचा कायदा देईल ते अधिकार ग्रामसभा वापरू शकेल, असा त्याचा अर्थ. त्यामुळे एका राज्यात ग्रामसभेला जे अधिकार मिळाले ते दुसऱ्यात मिळालेच असं नाही. महिलांच्या जागांच्या वाक्यातही मे असता, तर आज आपल्यातल्या किती जणी सरपंच आणि सदस्य झाल्या असत्या?

आणि एक हक्काची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्ज देणाऱ्या संस्थेने कर्जाचं माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचंच आहे. ही संस्थेची मेहेरबानी नव्हे, तिच्यावरचं बंधन आहे. म्हणून इंग्रजी कागद पुढे सरकवला तर सरळ म्हणा, "साहेब, मराठीतला द्या. वाचून मग सही करते."

पुढच्या बैठकीसाठी

वसुली आणि हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने घरून इंग्रजी छापलेला एक कागद आणावा: औषधाच्या पाकिटातली चिठ्ठी, विम्याचं पत्र, बिस्किटाचा पुडा, मोबाईलवरचा निरोप, काहीही चालेल. त्यातले मदतनीस शब्द शोधून त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. औषधाच्या चिठ्ठीवर 'मे कॉज ड्राउझिनेस' असेल, म्हणजे झोप येऊ शकते. बिस्किटाच्या पुड्यावर 'मे कन्टेन नट्स' असेल, म्हणजे त्यात शेंगदाणे, काजू अशा पदार्थांचा अंश असू शकतो. मग एकेकीने उठून सांगायचं: इथे होईलच म्हटलंय, होऊ शकेल म्हटलंय, की केलंच पाहिजे म्हटलंय?

आमच्या गटात हे आता दर बैठकीला होतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका प्रदर्शनाचा निरोप आला, 'युवर ग्रुप विल गेट अ स्टॉल.' वाचून दाखवायला पुन्हा तोच मुलगा होता, आता नववीत गेलाय. त्याने आधी विलवर बोट ठेवलं, मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, "मिळणार!" तरीसुद्धा अध्यक्षताईंनी फोन करून खात्री केली आणि त्यानंतरच पापडाचं पीठ दळायला दिलं.