व्हिडिओ गेम उद्योगातील सॉफ्टवेअर कंपन्यांचा उदय : यंत्राधिपत्य आणि स्पर्धा

प्रास्ताविक :
एखाद्या उद्योगात स्पर्धा निर्माण होण्यासाठी भांडवल व कौशल्य पुरेसे नसते. त्या उद्योगातील वस्तूची रचनाही स्पर्धेस वाव देणारी असावी लागते. व्हिडिओ गेम उद्योगाचा इतिहास या विधानाची साक्ष देतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील या उद्योगात स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपन्या कशा उदयास आल्या व त्यांच्या स्वातंत्र्यास कोणत्या मर्यादा पडल्या, याचे विवेचन केले आहे.

यंत्र आणि खेळ यांची फारकत :
१९७२ मध्ये आलेल्या अटारी कंपनीच्या 'पाँग' या खेळात सॉफ्टवेअर असे नव्हतेच. खेळ विद्युतमंडलातच बांधलेला होता. यंत्र बनविणारा तोच खेळ बनविणारा, अशी ही अवस्था होती. १९७६ मधील फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनल एफ' या यंत्राने व १९७७ मधील अटारीच्या यंत्राने ती बदलली. खेळाची आज्ञावली आता वेगळ्या कार्ट्रिजमध्ये साठविली जाऊ लागली. यंत्र एकदाच विकले जाते, कार्ट्रिज मात्र वारंवार. त्यामुळे नफ्याचे केंद्र खेळाकडे सरकले.

ॲक्टिव्हिजनची स्थापना :
नफा खेळातून मिळत असला तरी खेळ रचणाऱ्या प्रोग्रामरांना अटारीत ना श्रेय मिळे, ना नफ्यात वाटा. या असंतोषातून डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅपलन हे चौघे बाहेर पडले. संगीत ध्वनिमुद्रण व्यवसायाचा अनुभव असलेल्या जिम लेव्ही यांच्यासह १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजनची स्थापना केली. स्वतः यंत्र न बनविता दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी होय. तिने खेळावर रचनाकाराचे नाव छापण्याची प्रथा पाडली. अटारीने तिला न्यायालयात खेचले. परंतु १९८२ मध्ये तडजोड झाली आणि रॉयल्टी देऊन व्यवसाय करण्याचा मार्ग मोकळा झाला.

अनिर्बंध स्पर्धा आणि परवाना पद्धती :
या यशाने अनेक नवख्या कंपन्या बाजारात उतरल्या. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाला, दुकानांत माल पडून राहिला आणि १९८३ मध्ये अमेरिकन बाजारपेठ कोसळली. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जपानच्या निन्टेंडो कंपनीने यापासून धडा घेतला. तिच्या यंत्रातील चिप कार्ट्रिजमधील जुळणारी चिप ओळखल्याखेरीज खेळ चालू देत नसे. सॉफ्टवेअर कंपन्यांना परवाना घ्यावा लागे, कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावे लागे आणि वर्षाला साधारणतः पाचच खेळ काढता येत. दर्जा सावरला, पण दाराची किल्ली यंत्रनिर्मात्याच्या हाती गेली.

न्यायालयीन लढा :
मिलर व व्हाइटहेड यांनी १९८४ मध्ये ॲकोलेड ही दुसरी कंपनी स्थापन केली. या कंपनीने सेगाच्या यंत्रावरील आज्ञावलीची उकल करून परवान्याविना खेळ विकले. अमेरिकेच्या नवव्या परिमंडळ अपील न्यायालयाने १९९२ मध्ये असा निर्वाळा दिला की, यंत्राशी सुसंगती साधण्यासाठी अन्य मार्ग नसेल तर अशी उकल कॉपीराइटचा भंग ठरत नाही. तथापि, १९९३ मध्ये तडजोडीने ॲकोलेड सेगाची परवानाधारकच झाली. कायद्याने दिलेली मोकळीक व्यवहारात टिकविणे किती अवघड असते, हे यावरून दिसते.

सॉफ्टवेअर कंपनी यंत्रनिर्मितीत :
मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये 'एक्सबॉक्स' आणून उलट दिशेने पाऊल टाकले. दुसऱ्याच्या दारात परवाना मागण्याऐवजी या सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःचेच दार उभारले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी विकत घेतली. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या व्यवहाराचे मूल्य ६८.७ अब्ज डॉलर होते.

निष्कर्ष :
यंत्र व आज्ञावली वेगळी झाल्याने सॉफ्टवेअर कंपन्यांना स्पर्धेत स्थान मिळाले. मात्र त्या स्पर्धेच्या अटी प्रायः यंत्राच्या स्वामीने ठरविल्या. निर्बंध नव्हते तेव्हा बाजार कोसळला आणि निर्बंध आले तेव्हा स्वातंत्र्य आकसले. यंत्रनिर्मात्याच्या वर्चस्वातून सुटण्यासाठी जन्मलेली पहिली कंपनी अखेर एका यंत्रनिर्मात्याच्याच मालकीची झाली. म्हणूनच या उद्योगातील स्पर्धेचा अभ्यास करताना किती कंपन्या आहेत, याबरोबरच प्रवेशद्वार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्नही विचारणे अगत्याचे ठरते.